थळ आणि वहिवाट

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, दिजों शहराच्या दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर जव्रे नावाचे गाव आहे. १८४७ साली या गावाने आपले नाव वाढवून घेतले. गावाच्या शिवारात शांबेर्तँ नावाचा एक द्राक्षमळा होता. क्षेत्र जेमतेम १३ हेक्टर, पण त्याच्या तांबड्या वाइनची कीर्ती गावापेक्षा कितीतरी मोठी. नेपोलियनची ती आवडती वाइन म्हणून ओळखली जाई. तेव्हा गावाने आपल्या सर्वांत नामांकित शेताचे नाव आडनावासारखे लावून घेतले आणि ते जव्रे-शांबेर्तँ झाले. पुढे शेजारच्या गावांनीही हेच केले. व्होन हे १८६६ मध्ये व्होन-रोमाने झाले, शांबोल १८७८ मध्ये शांबोल-म्यूझिन्यी झाले.

आपल्याकडे प्रवास उलटा आहे. आपण गावाचे नाव माणसाला लावतो: सातारकर, निफाडकर, दिंडोरीकर. मी जिथे राहते त्या पंजाबातही ही रीत आहे. प्रतापसिंग कैरों हे कैरों गावचे, प्रकाशसिंग बादल हे बादल गावचे. माझ्याही आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. त्या गावात मी आयुष्यात दोनदा गेले आहे. माझ्या पणजोबांच्या वडिलांनी ते सोडले, त्यानंतर आमच्यापैकी कोणी तिथे नांगर धरला नाही की घर शाकारले नाही. तरी चंदीगडमध्ये कोणी नाव विचारले की मी त्या गावाचे नाव सांगते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की मी तिथली आहे.

एखाद्या जागेचे नाव लावणे म्हणजे नेमका कोणता दावा करणे? नाव लावणाऱ्याला त्या जागेवर काही हक्क मिळतो का, की उलट त्याच्यावर काही देणे येते? बर्गंडीच्या वाइनवरच्या एका फ्रेंच पुस्तकाचा मराठी अनुवाद करताना हा प्रश्न माझ्यासमोर शब्दांच्या रूपाने आला. अनुवादकाकडे बहुतेक प्रश्न शब्दांच्याच रूपाने येतात.

पहिला शब्द ‘क्लिमा’. कोशात याचा अर्थ हवामान. बर्गंडीत मात्र क्लिमा म्हणजे द्राक्षमळ्याचा एक ठरावीक, नाव असलेला, शतकानुशतके सीमा ठरलेला तुकडा. असे १,२४७ तुकडे तिथे मोजलेले आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. शांबेर्तँ हा एक क्लिमा. त्याला लागून असलेला क्लो द बेझ हा दुसरा, सुमारे १५ हेक्टरांचा, बेझच्या मठाला सातव्या शतकात मिळालेला. अशी दंतकथा आहे की बेर्तँ नावाच्या एका शेतकऱ्याने मठाच्या मळ्याशेजारी आपल्या रानात वेल लावले, त्याचीही वाइन तितकीच चांगली निघाली, आणि ‘बेर्तँचे शेत’ म्हणून त्याचे नाव शांबेर्तँ पडले. मराठी वाचकाला ही गोष्ट एका म्हणीत सांगता येते: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आपली म्हण तक्रारीच्या सुरात आहे, बेर्तँची गोष्ट कौतुकाच्या सुरात. निरीक्षण एकच आहे. गुण रक्ताने येतो तसा शेजारानेही येतो.

क्लिमाला मराठीत काय म्हणायचे? ‘तुकडा’ म्हटले तर नाव आणि इतिहास गळतो. ‘हवामान’ तर चुकीचेच. शोधताना मराठेशाहीच्या महसुली कागदांतला एक शब्द हाती लागला: थळ. गावच्या जमिनीचे जे जुने, नाव असलेले भाग असत त्यांना थळ म्हणत, आणि गावातल्या थळांची यादी म्हणजे थळझाडा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या गावांचे वर्णन लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतही हा शब्द आहे. आजही कोणत्याही गावात विचारा, गट क्रमांकाच्या आड प्रत्येक शेताचे एक नाव निघते. चिंचेचे, पांढरीचे, खालचे, अमक्याच्या विहिरीचे. तेव्हा क्लिमा म्हणजे थळ. इतका नेमका शब्द मिळाल्याचा मला आनंद झाला. तो आनंद फार टिकला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी या थळांमधून निघणाऱ्या वाइनबद्दल. जव्रे-शांबेर्तँची वाइन पिनो न्वार या एकाच वाणाच्या द्राक्षांची आणि फक्त तांबडी. जाणकार तिचे वर्णन करतात ते साधारण असे: बर्गंडीच्या मानाने रंग गडद, अंग भरलेले, तुरटपणा ठाम. तरुण असताना चेरीचा आणि काळ्या रानफळांचा वास, जुनी होत गेली की ज्येष्ठमध, चामडे आणि जंगलातल्या ओल्या पालापाचोळ्याचा. या शेवटच्या वासाला फ्रेंचमध्ये ‘सू-ब्वा’ म्हणतात, शब्दशः झाडांखालचे रान. सह्याद्रीत श्रावण सरताना चालून आलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. तुरटपणाच्या बाबतीत तर मराठीची बाजू वरचढ आहे. षड्रसांत कषाय हा स्वतंत्र रस मानलेला असल्यामुळे आवळा, जांभूळ, सुपारी यांच्यातला तुरटपणा आपण लहानपणापासून वेगवेगळा ओळखतो.

जव्रेपासून शांबोल-म्यूझिन्यी हे गाव अगदी जवळ, मधे एकच गाव. वाण तोच. तरी शांबोलची वाइन नाजूक, मऊ, सुगंधी मानली जाते. जव्रे पुरुषी आणि शांबोल बायकी, अशी वर्णने फ्रेंच आणि इंग्रजी पुस्तकांत सर्रास येतात. मी ती तशी उतरवत नाही. ‘ठाम’ आणि ‘मऊसूत’ लिहिते. चव सांगायला हे शब्द पुरतात. बाईच्या अंगी काय असावे हे वाइनच्या पुस्तकाने सांगायची गरज नाही.

फरक का पडतो? उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळचे ऊन मिळते. उताराच्या मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चुनमिश्रित चिकणमाती, निचरा चांगला. खाली सपाटीवर माती खोल आणि ओल जास्त. तिथे वेल माजतो, फळ पुष्कळ धरते, रस पातळ पडतो. म्हणून एकाच गावात काही थळे सर्वोच्च दर्जाची (जव्रेत अशी ९ आहेत), काही त्याखालची, काही नुसत्या गावाच्या नावाने विकली जाणारी आणि काही गावाचे नावही न लावू शकणारी. दगडाची चव मुळांतून चढून पेल्यात उतरते हे मात्र खरे नाही. माती काम करते ती पाणी धरून ठेवण्यातून, सोडून देण्यातून, ऊब साठवण्यातून. या सगळ्याला मिळून फ्रेंचमध्ये ‘तेरवार’ म्हणतात. आपल्याकडे ‘हवापाणी’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. तिथले हवापाणी मानवले, असे आपण माणसाबद्दलही म्हणतो.

आणि ‘माणसाबद्दलही’ इथेच मला अडायला होते.

थळ हा शब्द महसुली कागदात एकटा येत नाही. थळाचा वंशपरंपरेचा धनी तो थळकरी, म्हणजेच मिरासदार. आणि जो गावात बाहेरून येऊन जमीन कसतो तो उपरी. थळकऱ्याचा हक्क पक्का होता. गाव सोडून वर्षानुवर्षे बाहेर राहिलेला मिरासदारही परत येऊन आपल्या जमिनीवर हक्क सांगू शकत असे. उपरी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळूनही उपरीच राहू शके. आजच्या मराठीत ‘उपरा’ या शब्दाला जी बोच आहे ती तिथून आली. म्हणजे या व्यवस्थेत माझ्यासारखीचा, जी गावात राहत नाही, जिला तिथले पाणी कोणत्या विहिरीचे हे माहीत नाही, तिचा दावा खरा. आणि जो आज तिथे ऊस तोडतो आहे त्याचा दावा खोटा.

याच्याही खाली एक थर आहे. मराठीत द्राक्षाच्या वाणाला आपण ‘जात’ही म्हणतो. द्राक्षाची जात कोणती, आंब्याची जात कोणती. वनस्पतीत जात म्हणजे गुणांची हमी. हाच विचार माणसांवर लावला की काय होते हे या देशात कोणाला सांगायला नको. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांचाही त्या मातीशी, त्या हवापाण्याशी संबंध होता, पण त्यांच्या नावावर थळ नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याचा गौरव करणाऱ्यांना कठोर शब्दांत फटकारले. स्थानिकपणा त्यांना गुण वाटत नव्हता, कोंडवाडा वाटत होता. त्यामुळे ‘मातीचा गुण’ असे प्रेमाने म्हणताना मराठी लेखकाने एकदा तरी थांबावे. फ्रेंच लेखकानेही थांबावे, कारण मातीचा आणि रक्ताचा महिमा एका दमात गाणारे राजकारण युरोपनेही पाहिले आहे. आपल्याकडे ‘भूमिपुत्र’ या शब्दाच्या नावाखाली कोणाला रस्त्यावर मार पडला, हेही आपण पाहिले आहे.

मग जागेच्या गुणावरचे प्रेम टाकून द्यायचे का? जव्रेचाच इतिहास नीट पाहिला तर तसे करावे लागत नाही. तो इतिहास रक्ताच्या शुद्धतेच्या बाजूने साक्ष देत नाही.

१८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे मुळापासून खाल्ले. उपाय एकच सापडला. अमेरिकी वेलांची मुळे या किडीला तोंड देत. तेव्हा अमेरिकी खुंटावर फ्रेंच वाणाची कलमे बांधली गेली. आज बर्गंडीच्या ज्या मातीच्या गुणाचे गोडवे गायले जातात त्या मातीत बहुतेक सगळीकडे परदेशी मूळ उतरलेले आहे. माती आणि फळ यांच्यामधला दुवाच उपरा आहे. नाशिकमध्येही हेच. तिथला शेतकरी द्राक्षाचे कलम बहुतेक डॉगरिज या अमेरिकी खुंटावर बांधतो.

मालकीचीही तीच गोष्ट. मठांचे मळे फ्रेंच राज्यक्रांतीनंतर राष्ट्राची मालमत्ता ठरवून विकले गेले, मग वारसांत वाटले गेले. क्लो द व्हूझो या सुमारे ५० हेक्टरांच्या एका मळ्याला आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. शांबेर्तँचेही कित्येक वाटेकरी आहेत. नाव एक, माती एक, पण कोणाची वाइन उत्तम आणि कोणाची सुमार. नाव लावायचा हक्क सगळ्यांना सारखा असला तरी ते राखणे हे दरवर्षीचे काम आहे, आणि ते सगळ्यांना सारखे जमत नाही.

याच इतिहासात एक शब्द आहे जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे या वाणाचे वेल उपटून टाकायचा हुकूम काढला. गामे भरपूर पिकतो, लवकर हाती येतो, गरीब शेतकऱ्याला परवडतो. ड्यूकला मात्र पिनो न्वारची प्रतिष्ठा हवी होती. हुकमात त्याने गामेला ‘देल्वायाल’ म्हटले. म्हणजे बेइमान. एका वेलाला बेइमान म्हणणे हास्यास्पद वाटते, पण त्यामागचा प्रश्न हास्यास्पद नाही. इमान कोणाशी? ड्यूकच्या नावलौकिकाशी, की ज्याला हिवाळ्यात पोट भरायचे आहे त्याच्याशी?

पाचशे वर्षांनंतर तोच शब्द फ्रेंच कायद्यात पुन्हा येतो, वेगळ्या अर्थाने. जागेच्या नावांबद्दलच्या १९१९ च्या कायद्यात नाव वापरण्याचा हक्क कशावर ठरावा यासाठी एक शब्दप्रयोग आहे. त्या जागेतल्या ज्या रीती स्थानिक, ‘ल्वायाल’ आणि सातत्याच्या असतील, त्यांच्यावर. पुढे १९३५ मध्ये नियंत्रित नावांची पद्धत आली आणि १९३६ मध्ये जव्रे-शांबेर्तँला ती लागू झाली. ‘युझाज’ म्हणजे रीत, वापर, वहिवाट. मी त्याचे मराठी केले: ‘स्थानिक, इमानी आणि अखंड वहिवाट’. वहिवाट हा आपल्या कोर्टकचेरीतला शब्द. रस्त्यावरची वहिवाट, जमिनीची वहिवाट. वारसा कागदावर सिद्ध होतो, वहिवाट पावलांनी सिद्ध होते.

या तीन विशेषणांत कुळ नाही, जन्म नाही, भाषा नाही. आहे ते कृतीचे वर्णन. इथेच करणे, प्रामाणिकपणे करणे, करत राहणे. मला वाटते, एखाद्या जागेचे नाव लावण्याचा नैतिक आधार एवढाच असू शकतो. थळ ही जमिनीची बाजू झाली. वहिवाट ही माणसाची. मिरासदारीने या दोन्ही गोष्टी एकाच कुळात बांधून टाकल्या होत्या. त्या वेगळ्या करून पाहिल्या तर थळावर प्रेम करता येते आणि उपऱ्याला उपरा म्हणावे लागत नाही.

पण यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो मी स्वतःलाच घेते. कोणाची वहिवाट इमानी मानायची हे ठरवतो कोण?

मोहाच्या दारूचे उदाहरण घ्या. ठाणे-कुलाब्यापासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी मोहाची फुले वेचत आले, वाळवत आले, भट्टी लावत आले. स्थानिक म्हणावे तर याहून स्थानिक काही नाही, अखंड म्हणावे तर पिढ्यांचा हिशेब नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या गाळण्यावर गदा आणली. १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. ज्या शतकात जव्रे आपल्या मळ्याचे नाव अभिमानाने लावत होते त्याच शतकात कातकऱ्याची आणि वारल्याची वहिवाट गुन्हा ठरत होती. उलट गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाशिकच्या वाइनलाही मिळाले. गाळणाऱ्याच्या हातात कायदा, पैसा आणि वकील असला की रीत वारसा होते, नसला की हातभट्टी होते.

आणि मराठीत वाइनबद्दल लिहिताना दुसरी बाजू विसरणे शक्य नाही. गडचिरोलीची दारूबंदी, गावोगावच्या बायकांनी मतदानाने आडवी केलेली बाटली, २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाइन ठेवू देण्याच्या निर्णयाला झालेला विरोध. पंजाबात नशेने घरे कशी रिकामी होतात ते मी इथे जवळून पाहते. बाटलीवर गावाचे नाव असले म्हणून आतला पदार्थ निर्दोष होत नाही. आडव्या बाटलीच्या बाजूने मत देणाऱ्या बाईला जव्रेच्या तुरटपणाचे वर्णन वाचून दाखवणे ही क्रूर थट्टा होईल. तिच्याशी बोलताना माझ्या शब्दाला एवढीच किंमत आहे की मी मोहाला ‘दारू’ आणि जव्रेला ‘संस्कृती’ म्हणणार नाही. दोन्हींना एकच माप लावेन: करणाऱ्याचे इमान कोणाशी आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे.

या मापाने नाशिक पाहिले तर आशेला जागा दिसते. तिथे वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून शेतकऱ्याने वर्षातून दोन छाटण्यांची रीत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. जव्रेच्या कोणा साधूने हे शिकवलेले नाही. हे इथल्या हवापाण्याला दिलेले इथले उत्तर आहे. एका तांबड्या नाशिककर वाइनच्या लेबलवर ‘दिंडोरी’ असे तालुक्याचे नाव आहे, आणि पुढे ‘शिराझ’. शिराझ हे इराणातल्या शहराचे नाव, पण हा वाण जनुकीय तपासणीत आग्नेय फ्रान्समधल्याच दोन जातींचा संकर निघाला. म्हणजे लेबलवरच्या दोन गावांपैकी दिंडोरी खरी आणि शिराझ ही ऐकीव कथा. दिंडोरीची वहिवाट अजून पंचवीस-तीस वर्षांचीच आहे, पण ती सुरू झालेली आहे.

वस्तूला उगमाचे नाव देण्याची कल्पना आपल्याला परकीही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्याला मधु म्हटले आहे आणि त्याचे दोन प्रकार त्यांच्या देशांवरून सांगितले आहेत, कापिशायन आणि हारहूरक. कापिशायन म्हणजे काबूलच्या उत्तरेकडच्या कापिशीचे. पाणिनीने हा शब्द सिद्ध करायला स्वतंत्र सूत्र दिले आहे. कापिशी आज उत्खननातले अवशेष आहे. वहिवाट मोडली, आता नाव फक्त व्याकरणात उरले आहे.

आता चंदीगड. तेरवारवर विचार करायला हे शहर सर्वांत गैरसोयीचे, म्हणून कदाचित सर्वांत उपयोगी. लाहोर पाकिस्तानात गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. नेहरूंना भूतकाळाचे ओझे नसलेले शहर हवे होते. १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए आला, ७ ऑक्टोबर १९५३ रोजी शहराचे उद्घाटन झाले. इथे थळांना नावे नाहीत, आकडे आहेत. पत्ता सांगताना आम्ही सेक्टर सांगतो. आकड्यांखाली अनेक गावे गेली, त्यांची आमराई, त्यांची शेते, त्यांची नावे असलेली थळे. काही गावे मधेच अडकून राहिली. सेक्टर ४५ मध्ये बुडैल, सेक्टर ४२ मध्ये अटावा. नकाशाच्या सरळ रेषांत त्यांच्या वाकड्या गल्ल्या आजही दिसतात. उरलेल्या बहुतेकांसाठी हे शहर उपऱ्यांचेच. आमच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक बीजी राहतात. फाळणीत लायलपूरकडून आलेल्या. सात दशके इथे काढूनही ‘साडा पिंड’ म्हणताना त्यांचा हात पश्चिमेकडे जातो. मी त्यांना एकदा विचारले, मग हे काय? त्या म्हणाल्या, हे घर आहे. यात त्यांना विरोध दिसत नव्हता.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस नेक चंद नावाचा रस्तेखात्यातला निरीक्षक पाडलेल्या गावांचा राडारोडा सायकलवरून गोळा करू लागला. फुटकी मडकी, बांगड्यांच्या काचा, फरश्या, दगड. तो स्वतः सीमेपलीकडच्या बेरियाँ कलाँ या गावातून आलेला. त्याने सरकारी जंगलात, कोणाला न सांगता, त्या तुकड्यांचे एक राज्य उभे केले. पुढे ते अधिकाऱ्यांच्या नजरेस पडले, १९७६ मध्ये लोकांना खुले झाले. आज रॉक गार्डन म्हणजे चंदीगड. कागदाने पाहिले तर ते अतिक्रमण होते. वहिवाटीने पाहिले तर पुसलेल्या गावांशी या शहरात इतके इमान दुसऱ्या कोणी राखलेले नाही, आणि ते राखणारा त्या गावांचा नव्हता. २०१६ मध्ये इथले कॅपिटॉल संकुलही युनेस्कोच्या यादीत आले, बर्गंडीच्या थळांनंतर एका वर्षाने. तिथे हजार वर्षांहून जुने मळे, इथे तेव्हा सत्तरीतही न पोहोचलेले काँक्रीट. काळ कमी-जास्त असेल, पण वहिवाटीची सुरुवात कोणत्यातरी एका माणसाच्या हयातीतच होते.

मराठी माणसाला पंजाबात याचे आणखी जुने उदाहरण आहे. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान. परंपरा सांगते की नामदेव आयुष्याची शेवटची वर्षे तिथे राहिले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि ती मराठी नाहीत. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा आपण ‘आपले’ नामदेव पाहायला आल्याच्या थाटात आलो. घुमानकरांसाठी ते भगत नामदेव तिथलेच आहेत. दोघांचेही खरे आहे. नरसीचे किंवा पंढरपूरचे कलम पंजाबच्या खुंटावर बांधले गेले आणि फळाला वेगळी भाषा आली. नामदेव कोणाचे हा वाद मिरासदारीचा आहे. नामदेवांना कोण गातो, हा प्रश्न वहिवाटीचा आहे, आणि त्याचे उत्तर दोन्हीकडे रोज पहाटे मिळते.

याचा अर्थ कोणीही कोणतेही नाव लावावे असा नाही. दिंडोरीच्या वाइनला जव्रे म्हणणे ही लबाडी आहे, कारण बाटलीवरचे नाव हे घेणाऱ्याला दिलेले वचन असते. बाटलीच्या बाबतीत उगम तपासायलाच हवा. बाटली स्वतःहून कुठे स्थायिक होऊ शकत नाही, नवे हवापाणी मानवून घेऊ शकत नाही, चुकले तर सुधारू शकत नाही. माणूस हे सगळे करू शकतो. म्हणून बाटलीला ‘तू कुठली?’ हा प्रश्न न्याय्य आहे. माणसाला विचारायचा न्याय्य प्रश्न वेगळा आहे: तू इथे काय करतोस, कोणाशी इमान राखून, आणि किती दिवसांपासून? पहिला प्रश्न माणसाला विचारला की अन्याय सुरू होतो. दुसऱ्या प्रश्नातून मात्र कोणालाच सूट नाही, ना थळकऱ्याला ना उपऱ्याला.

हे माप मी माझ्या आडनावाला लावले तर हक्क काहीच उरत नाही, देणे उरते. त्या गावाच्या नावाने मी काही मागू शकत नाही. तिथे आज जे राहतात, मग ते मराठवाड्यातून आलेले ऊसतोडीचे मजूर का असेनात, त्यांना मी उपरे म्हणू शकत नाही. चंदीगडमध्ये ज्या सेक्टरात मी राहते त्याखालच्या गावाचे नाव शोधून काढणे, ते आपल्या तोंडी ठेवणे, हे मात्र माझ्याकडून व्हायला हवे, कारण माझी वहिवाट इथे आहे. अनुवादात मी ‘थळ’ ठेवला आहे आणि त्याच पानावर ‘उपरी’ या शब्दाचीही ओळख करून दिली आहे. ‘युझाज’साठी ‘वहिवाट’ कायम केला. ‘ल्वायाल’साठी प्रकाशकांनी ‘प्रामाणिक’ सुचवला होता. तो चूक नाही. पण प्रामाणिक माणूस एकटाही असू शकतो, इमानाला मात्र कोणीतरी समोर लागते. म्हणून मी ‘इमानी’वर अडून बसले आहे.